तेरावं नको तर तेरा

नॉर्वेत पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी हेमलताबाईंनी लेकीच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर तीन आकडे होते, ११०, ११२ आणि ११३, आणि प्रत्येकापुढे त्यांच्या ठसठशीत अक्षरात आठवणीची खूण. दहा म्हणजे दाह, आगीचा बंब. बारा म्हणजे बारा भानगडी, पोलीस. आणि तेरा म्हणजे ज्याला कुणाचं तेरावं घालायचं नसेल त्यानं फिरवायचा नंबर, रुग्णवाहिका.

त्यांच्या विहीणबाई शैलजाबाई चहाचा कप घेऊन कागदासमोर उभ्या राहिल्या. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी आधी सगळ्या वेलांट्या तपासल्या. चूक सापडेना, तशा जराशा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "जेवणखाण चालतं त्या घरात तेरावं कशाला लिहायचं, विहीणबाई? शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली."

"खटकलं ना? मग लक्षात राहील," हेमलताबाई म्हणाल्या आणि भांडी विसळायला लागल्या.

ऋता आणि निनाद यांनी दोघींना उन्हाळ्याचे दोन महिने एकदमच बोलावून घेतलं होतं. ऋता हेमलताबाईंची लेक, निनाद शैलजाबाईंचा मुलगा. एका दगडात दोन पक्षी, असा त्यांचा हिशेब. दोन विहिणी एका स्वयंपाकघरात म्हणजे काय, हे त्या दोघांना बहुधा कुणी सांगितलं नसावं. सहाव्या दिवशी कांदा आडवा चिरायचा की उभा, यावरून अर्धा दिवस अबोला झाला आणि संध्याकाळी भजी चांगली झाली म्हणून मिटला.

तो कागद पाहून निनाद मात्र मनापासून हसला. ज्या यंत्रामुळे असे कागद जगभरातून नाहीसे होत होते, ते यंत्र घडवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. यंत्राचं नाव 'साद'. दिसायला काचेच्या पाटलीसारखं, मनगटात घालायचं. घरात चौघांच्याही हातात ते होतं.

हेमलताबाईंनी त्याला खोदून खोदून विचारलं आणि त्यानंही हौसेनं समजावून सांगितलं. जगात दोनशेच्या आसपास देश, आणि संकटाचे नंबर देशागणिक वेगळे. कुठे सगळ्याला मिळून एक, कुठे आगीला एक आणि आजाराला दुसरा. परक्या देशात माणूस पडला की सोबतचा आधी नंबर शोधणार, मग भाषा शोधणार, मग पत्ता शोधणार. त्यात मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळत नाही. साद हे सगळं एका क्षणात करते. आपण कुठे आहोत ते तिला ठाऊक असतं. नाडी, प्राणवायू, घाम ती मनगटावर मोजते. आपण आपल्या भाषेत जे ओरडू ते ऐकते, ते किती गंभीर आहे ते ठरवते आणि त्या देशातल्या योग्य माणसाला त्याच्या भाषेत कळवते. आता तर या भागात हातातल्या फोनवरून नंबर फिरवला तरी तो आधी सादच उचलते. एका अपघातासाठी चाळीस जणांचे चाळीस फोन जाऊ नयेत, म्हणून एका जागचे सगळे कॉल ती एकाच घटनेत जमा करते.

"आणि ती चुकली तर?" हेमलताबाईंनी विचारलं.

मग तिला 'का' असं विचारायचं, निनाद म्हणाला. तिनं कारण सांगितलंच पाहिजे, असा कायदाच आहे. शिवाय ती सहसा चुकत नाही, कारण ती खऱ्या कॉलवर शिकली आहे. हे सांगताना त्याचा चेहरा खुलला. "आमच्या मराठीचा पाया तुमच्याच केंद्राच्या आवाजावर घातलाय, हेमाकाकू."

ते खरं होतं. हेमलताबाईंनी चोवीस वर्षं रुग्णवाहिकेच्या केंद्रात फोन घेतले होते. पलीकडे कुणीतरी रडतंय, आपण पत्ता विचारतोय, हेच त्यांचं आयुष्य. निवृत्तीच्या आधी कंपनीची दोन माणसं येऊन जुनी ध्वनिमुद्रणं आणि नोंदवह्या घेऊन गेली. वहीतल्या शेऱ्यांचे अर्थ सांगायला हेमलताबाईच त्यांच्याजवळ दोन दिवस बसल्या होत्या. 'दा' म्हणजे दारू प्यायलेला. 'खो' म्हणजे खोटा कॉल. 'वा' म्हणजे वाढवून सांगणारा, साध्या तापाला माणूस चाललाय म्हणणारा. आपलं शहाणपण यंत्रात जाऊन बसलं, याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटला होता आणि आताही वाटला. कागद मात्र त्यांनी फ्रिजवरून काढला नाही.

चोवीस वर्षांची सवय जात नाही. रोज फिरायला गेल्या की त्या पाहून ठेवायच्या, जवळचं घर किती पावलांवर, त्यात माणूस राहतं की ते नुसतं सुट्टीचं घर आहे. आजूबाजूची तिन्ही घरं सुट्टीची आणि बंद निघाली. चारशे वीस पावलांवर डोंगर फोडून काढलेला बोगदा होता आणि त्याच्या तोंडाशी भिंतीत नारिंगी पेटी. वर पांढऱ्या अक्षरांत एसओएस. निनादला विचारलं तर तो म्हणाला, जुनं काम आहे, तारेवरचा फोन, थेट रस्ता सांभाळणाऱ्या कार्यालयात वाजतो. पुढच्या वर्षी काढणार आहेत. हेमलताबाईंनी ते मनात नोंदवून ठेवलं.

पुढच्या मंगळवारी निनाद आणि ऋता सकाळच्या बोटीनं शहरात कामाला गेले. दहा वाजून गेले होते, ऊन स्वच्छ पडलं होतं. दोघी विहिणी ओट्याशी मटार सोलत बसल्या होत्या. हेमलताबाई बहिणीला पाठवायचं पत्र वाचून दाखवत होत्या, कारण शैलजाबाईंनी तपासल्याशिवाय घरातून पत्र जाणं आता शक्य नव्हतं.

"'आम्ही इथे सुखरूप पोचलो,'" हेमलताबाईंनी वाचलं.

"पोहोचलो," शैलजाबाई म्हणाल्या. "लिहिताना मधे हो लिहावं. पो... पोळी. चमचा लिहावं."

हेमलताबाई हसल्या. विहीणबाई कधी नव्हे ती थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मान वर केली. शैलजाबाईंच्या उजव्या हातातली शेंग खाली पडली होती आणि त्या ती डाव्या हातानं उचलायला बघत होत्या. ओठाचा उजवा कोपरा खाली उतरला होता. डोळ्यांत भीती होती आणि ती भीती सांगायला शब्द सापडत नव्हता.

चोवीस वर्षांत हेमलताबाईंनी हे हजार वेळा ऐकलं होतं, पण ते तारेच्या पलीकडे. घरात, हाताच्या अंतरावर, कधीच पाहिलं नव्हतं. नोकरीत शिकलेला एकही शब्द तोंडात आला नाही. आला तो आईकडून ऐकलेला.

"अगं बाई, हिच्या अंगावरून वारं गेलं."

मनगटावरची पाटली निळी झाली. सादचा आवाज आला, मऊ आणि शांत. "ऐकलं. पक्षाघाताची शंका नोंदवली आहे. रुग्णाची नाडी चौऱ्याऐंशी, प्राणवायू सत्त्याण्णव. तपासणीची गाडी नव्वद मिनिटांत येईल. रुग्णाला पाणी देऊ नका."

हेमलताबाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दहा चाळीस. पक्षाघाताला गाडी पाठवायची तर जी सर्वांत जवळ असेल ती, तीही ताबडतोब. नव्वद मिनिटं ही पाय मुरगळल्याची वेळ. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातलं प्रत्येक मिनिट काहीतरी घेऊन जातं. उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळलं, म्हणजे घाव डाव्या बाजूला, भाषा राहते त्याच जागी. शैलजाबाईंकडून काय जाणार, ते हेमलताबाईंना लख्ख दिसलं.

त्यांनी शैलजाबाईंना हलकेच खाली घेतलं, डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि एकेक शब्द स्वच्छ उच्चारत सांगितलं, "स्ट्रोक आहे. दहा चाळीसला सुरू झाला. उजवा हात, चेहरा, वाचा. लगेच गाडी हवी."

"आपली काळजी समजते," साद म्हणाली. "आपली घटना नोंदलेली आहे. गाडी पंच्याण्णव मिनिटांत येईल."

नव्वदाचे पंच्याण्णव झाले होते. हेमलताबाईंनी विचारलं, "का?"

कायद्याप्रमाणे सादनं कारण सांगितलं. "शरीराची मापं सामान्य आहेत. 'वारं गेलं' असे शब्द असलेल्या मराठी कॉलपैकी एकसष्ट टक्के कॉलवर 'वा' हा शेरा आढळतो. 'वा' म्हणजे वाढवून सांगणे. दुसऱ्यांदा सांगताना आपण तीव्रता वाढवलीत. त्यामुळे ही शक्यता अधिक होते."

हेमलताबाई मटारांच्या टोपल्याशेजारी तशाच बसून राहिल्या. त्यांच्या केंद्रात 'वा' एक नव्हता, दोन होते. एक वाढवून सांगणाऱ्याचा. दुसरा त्यांच्या स्वतःच्या पाळीत त्यांनीच पाडलेला, वारं गेल्याचा, घाईत लिहायला सोपा. दोन्हींत घोटाळा होऊ नये म्हणून वाऱ्याच्या 'वा'खाली त्या रेघ मारायच्या. रेघेचा 'वा' दिसला की चालक जेवणाचा डबा तसाच टाकून गाडी काढायचा. वह्या यंत्रात उतरवताना अक्षरं उतरली, रेघा उतरल्या नाहीत. आणि अर्थ सांगायला बसलेल्या दोन दिवसांत हेमलताबाई रेघेचं सांगायला विसरल्या होत्या, कारण त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आपल्याच हातचा शेरा आपल्यापुढे येऊन उभा राहिला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेला आत्ता वेळ नाही हेही त्याच क्षणी कळलं.

त्यांनी निनादला फोन लावला. तो लगेच मिळाला. त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडे तो घाबरला, त्यानं संगणकाच्या पडद्यावर नोंद उघडून पाहिल्याचंही कळलं, आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला. सादच्या हिशेबात घटना पिवळी आहे, लाल नाही, गाडी निघालेली आहे, तो म्हणाला. आईला मायग्रेनचा त्रास आहे, त्यात कधीकधी असं होतं. त्यानं धीर धरायला सांगितलं. तो वाईट मुलगा नव्हता. स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूवर त्याचा विश्वास होता, इतकंच. अशाच विश्वासानं हेमलताबाईंनीही कितीतरी लोकांना 'गाडी निघाली आहे, सारखा फोन करू नका' म्हणून सांगितलं होतं.

"निनाद," त्या म्हणाल्या, "तुझी आई मला पोहोचलो कसं लिहायचं ते सांगत होती आणि मधेच तिनं चमचा म्हटलं. ती चुकीचा शब्द वापरते का कधी?"

मग त्याचा आवाज फुटला. "नाही. कधीच नाही." तो म्हणाला की लाल करायचा अधिकार त्याला नाही, ज्याला आहे त्याला तो शोधतो, पण त्याला वीस मिनिटं तरी लागतील.

वीस मिनिटं थांबायचं नाही, हे हेमलताबाईंनी ठरवलं. कागदावरचा तेरा नंबर त्यांनी फोनवर फिरवला. अर्धी घंटी वाजली आणि तोच मऊ आवाज आला, "आपली घटना नोंदलेली आहे." सादच्या मागे बसलेल्या माणसापर्यंत जायचं, तर साद जिथे नाही अशा दारानं जायला हवं होतं. असं दार चारशे वीस पावलांवर होतं.

पण त्यासाठी शैलजाबाईंना एकटं टाकावं लागणार होतं. रुग्णाला सोडून जाऊ नका, हे वाक्य हेमलताबाईंनी स्वतः लाखभर लोकांना सांगितलं असेल. मागे काही झालं तर उभा जन्म जीव खाणारी गोष्ट होती. त्या खाली वाकल्या आणि विहिणीचा डावा हात हातात घेतला.

"मी तेरा नंबर लावायला जातेय. दहा मिनिटांत येते. तुम्ही फक्त श्वास घेत राहा. मी आल्यावर माझं पत्र तपासायचंय तुम्हाला."

शैलजाबाईंनी हात घट्ट दाबला आणि मग स्वतःहून सोडला. त्यांना कळलं होतं. हेमलताबाईंनी दार सताड उघडं ठेवलं, मनगटातली पाटली काढून ओट्यावर ठेवली आणि त्या निघाल्या.

एकसष्टाव्या वर्षी कुणी चढावर पळत नाही. हेमलताबाई साडी खोचून, घरातल्या सपाता पायात, पळाल्या. दोनशे पावलांवर छातीत कळ आली, तेव्हा चालल्या, आणि कळ ओसरल्यावर परत पळाल्या. बोगद्याच्या तोंडाशी गार हवा अंगावर आली. नारिंगी पेटीचं दार जड होतं. दोन्ही हातांनी ओढलं, रिसीव्हर उचलला.

वाजलं. दोनदा. मग बाईचा आवाज आला, अनोळखी भाषेत, जरासा खरखरीत, घाईत काहीतरी गिळून बोलणारा. माणसाचा आवाज. हेमलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते तसंच वाहू दिलं.

इंग्रजी त्यांचं बेताचंच, पण फोन घेणारा जगात कुठेही बसला तरी तेच विचारतो, त्याच क्रमानं. कुठे, काय, केव्हा, किती वय. त्यांनी प्रश्नांची वाट पाहिली नाही. घराचा नंबर, बोगद्यापासूनचं अंतर, उघडं दार. स्ट्रोक. टेन फॉर्टी. सिक्स्टी सिक्स. राइट हँड, फेस, नो स्पीच. अलोन.

मग त्या बाईनं विचारलं, "आर यू अ नर्स?"

"नो," हेमलताबाई म्हणाल्या. "आय पिक अप द फोन. लाइक यू."

त्या बाईनं दुसऱ्या हातानं दुसरा फोन उचलल्याचं हेमलताबाईंना ऐकू आलं. तो आवाज त्यांच्या चोवीस वर्षांच्या ओळखीचा होता. मग तिनं सांगितलं, हेलिकॉप्टर. फोर्टीन मिनिट्स. गो होम. हेमलताबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि उतारावर परत पळाल्या.

त्या पोचल्या तेव्हा शैलजाबाई तशाच डाव्या कुशीवर होत्या, डोळे दाराकडे लावून. ओट्यावरची साद आपल्या मऊ आवाजात सांगत होती की गाडी शहात्तर मिनिटांत येईल. हेमलताबाईंनी तिच्यावर मटारांचं टोपलं उपडं घातलं आणि विहिणीचा हात हातात घेऊन बसल्या. डोंगरामागून पंख्याचा आवाज आला, तेव्हा घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

औषध बारा दहाला सुरू झालं. उजवा हात दुसऱ्या दिवशी हलला, चेहरा चौथ्या दिवशी बराचसा सरळ झाला. वाचा मात्र आली नाही. शैलजाबाईंना सगळं समजत होतं, पण तोंडातून एकच अक्षर पुन्हा पुन्हा निघायचं आणि ते ऐकून त्या डोळे मिटून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, येईल, थोडी येईल, किती ते सांगता येत नाही.

निनाद दवाखान्याच्या व्हरांड्यात हेमलताबाईंपुढे उभा राहिला आणि रडला. आपण पडद्याचं ऐकलं, म्हणाला. हेमलताबाईंनी त्याला रडू दिलं. मग त्यांनी त्याला दोन 'वा' आणि एक रेघ समजावून सांगितली, आणि चूक आधी माझी आहे, असं स्पष्ट म्हटलं. तो ऐकत गेला आणि पांढरा पडत गेला. तीच मराठी आता सोळा देशांत लोकांच्या मनगटांवर होती.

कंपनीनं आधी सांगितलं की पुढच्या सुधारणेत पाहू. हेमलताबाईंनी निनादकडून कळवलं की पुढची सुधारणा म्हणजे किती तेराव्यांनंतर, ते लेखी द्या. दोन दिवसांत सादच्या मराठीतून 'वा' हा शेरा बाजूला काढला गेला, आणि 'वारं गेलं' म्हटलं की घटना लाल, असं तात्पुरतं ठरलं. पण शेरा काढला की वाढवून सांगणाऱ्यांचीही माहिती जात होती. खरं काम होतं ते प्रत्येक 'वा' कुठला, हे ठरवण्याचं. मूळ वह्या रद्दीत गेल्या होत्या. उरली होती ध्वनिमुद्रणं, चार हजार तीनशे, आणि ती ऐकून सांगू शकणारी एकच बाई.

म्हणून हेमलताबाईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. शैलजाबाईंच्या खाटेशेजारी खुर्ची घेऊन, कानात यंत्र घालून, मांडीवर वही ठेवून त्या रोज साठ-सत्तर कॉल ऐकायच्या. स्वतःचाच तरुण आवाज, थोडा उर्मट, पत्ता विचारणारा. पलीकडे रडणारी माणसं. काही 'वा' त्यांच्या लक्षात होते. काही ऐकताना त्यांना कळायचं की हा वाढवून सांगत नव्हता, तरी मी तसं लिहिलं. तेही त्या वहीत उतरवायच्या, आणि त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पुन्हा खुर्चीत हजर.

पाचव्या आठवड्यात वाचेचे व्यायाम घेणारी उंच मुलगी आली. शब्द येत नसले तरी पाठ असलेली गोष्ट कधीकधी आपणहून येते, तिनं समजावलं. आकडे मेंदूत दुसऱ्या वाटेनं येतात. तुमच्या भाषेत मोजा, असं तिनं खुणेनं सांगितलं. हेमलताबाईंनी कानातलं काढून ठेवलं.

शैलजाबाईंनी सुरुवात केली. एक निघाला. दोन, तीन रखडत निघाले. सातानंतर लय सापडली, जशी पाढे घेताना वर्गाला सापडते. दहा. अकरा. बारा. आणि तिथे त्या अडल्या. ओठ हलत राहिले, आवाज येईना. ती मुलगी हसून पुढच्या व्यायामाकडे वळायला गेली, तेव्हा हेमलताबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. तारेच्या पलीकडचा माणूस बोलेपर्यंत थांबायचं कसं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शैलजाबाईंनी मान वळवून विहिणीकडे पाहिलं.

"तेरा," त्या म्हणाल्या. आणि मग कपाळावर घाम येईपर्यंत जोर लावून, एकेक अक्षर स्वच्छ, "तेरा... वं... नको."

हेमलताबाईंनी वही उघडली, आजची तारीख घातली, तिन्ही शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्यांच्याखाली एक ठसठशीत रेघ मारली.